कॉटरी कापेना, म्हणून पॉवर वाढवली: मांडीवरच्या एका चटक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरचं तीसेक खाटांचं खासगी हॉस्पिटल. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी गुंडाळलेली आणि खलाशी, तांडेल (होडीचे प्रमुख) घरी. वर्षभर पुढे ढकललेली हर्नियाची, मूळव्याधीची, हायड्रोसीलची ऑपरेशनं लोक याच दोन महिन्यांत उरकून घेतात, कारण ऑगस्टला होडी पाण्यात गेली की रजा मिळत नाही. म्हणजे हवा सगळ्यात ओली असते नेमकं तेव्हाच थिएटर सगळ्यात भरलेलं असतं. त्यात वीज गेली की जनरेटरवर टेबलावरचा दिवा, मॉनिटर आणि कॉटरी (विजेच्या उष्णतेने ऊती कापणारं, रक्त थांबवणारं मशीन) चालतात, एसी चालत नाही. खिडक्या बंद, आत पाच-सहा माणसं आणि भिंतींना पाणी सुटलेलं. या प्रकरणात हवामानाचा हात आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

कॉटरी मशीन ४०० वॅटचं, साधारण दहा वर्षं वापरातलं, आयसोलेटेड आउटपुटचं (म्हणजे आउटपुट जमिनीपासून अलग ठेवलेलं), ४०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारं. प्रवाह शरीरातून मशीनकडे परतावा म्हणून कातडीवर पेशंट प्लेट चिकटवतात. तिच्यासाठी एकच सॉकेट आहे, पण त्यात दोन्ही जातींच्या प्लेट चालतात: अखंड पत्र्याची एकेरी प्लेट आणि मधोमध फट असलेली दुभागी प्लेट. हॉस्पिटलमध्ये एकेरी वापरत होते. प्लेट डिस्पोजेबल होती, पण एकदा वापरून टाकली जात नव्हती. ऑपरेशन झालं की स्पिरिटने पुसायची, ट्रेमध्ये ठेवायची, पुढच्या वेळी जेली लावून मायक्रोपोर टेपने चिकटवायची. हे अनेक लहान हॉस्पिटलांत चालतं आणि बहुतेक वेळा काही होत नाही. धोक्याकडे लक्ष जात नाही ते त्यामुळेच.

काय घडलं

रुग्ण पंचेचाळिशीचा तांडेल, उजव्या जांघेतला हर्निया. स्पायनल भूल (कमरेखालचा भाग बधिर करणारी) देऊन हर्नियाची जाळी (मेश) बसवायची होती. प्लेट डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावली. ऑपरेशनच्या जागेचे केस काढले होते, मांडीचे नव्हते. आदल्या रात्री त्याने पायांना खोबरेल चोळलं होतं. पावसाळ्यात अंगाला तेल लावायची सवय घरोघर असते, त्यात वावगं काही नाही. प्लेटखालची जागा स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसली, जेली लावली, टेप मारला. मशीनवर हिरवा दिवा लागला.

सुरुवातीला कट, म्हणजे कापायचा मोड, ३५ वॅटवर व्यवस्थित चाललं. वीसेक मिनिटांनी सर्जन म्हणाले, "कापत नाहीये, जरा वाढवा." ४५ केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, ५५ केलं. पुढे एक रक्तवाहिनी झिरपत राहिली, तेव्हा कोॲग (रक्त थांबवायचा मोड) ६५ वॅटवर नेऊन फूट स्विच बराच वेळ दाबून ठेवला गेला. अलार्म एकदाही वाजला नाही. ऑपरेशन ठीक झालं. पुढची केस बाहेर थांबलेली होती. ड्रेप (रुग्णावरची निर्जंतुक कापडं) काढता काढता ब्रदरने प्लेट ओढली आणि या वेळी पुसून न ठेवता कचऱ्याच्या पिशवीत टाकली. खालची कातडी कोणी पाहिली नाही.

रात्री भूल उतरली तेव्हा रुग्णाने मांडी जळतेय म्हणून सांगितलं. सिस्टरने पाहिलं तर प्लेटची वरची कडा जिथे होती तिथे सुमारे चार सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद पट्टा: मधे पांढरट, कडेला लालभडक, एका टोकाला फोड. "तेव्हा कायच कसा सांगूक नाय, तात्या?" असं सिस्टरने विचारलं. त्यावर तो म्हणाला, "पाय बधिर होते, माका कायच कळूक नाय."

चटका कशाचा?

केसपेपरवर पहिली नोंद पडली ती "टेपची ॲलर्जी". ती तशीच राहिली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सकाळी सर्जनने जखम स्वतः पाहिली आणि ती नोंद मान्य केली नाही. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय हाच.

ऑपरेशननंतर कातडीवर डाग दिसला तर चार शक्यता तपासाव्या लागतात. दाबाने झालेली जखम माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाच्या उंचवट्यावर येते आणि बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटते. इथे मांसल मांडीवर त्याच रात्री फोड होता. पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट साचून होणारा दाह द्रव जिथवर ओघळला तिथवर वेडावाकडा पसरतो. इथे कडा सरळ होती. टेपची ॲलर्जी टेपच्या आकाराची असते, पण टेप चारही बाजूंनी होता आणि जखम एकाच बाजूला. चौथी शक्यता विजेची, आणि तिच्याशी सगळं जुळत होतं: लगेच दिसलेली, सरळ कडेची, प्लेटच्या त्या बाजूला जी ऑपरेशनच्या जागेच्या सर्वांत जवळ होती.

विजेतही दोन प्रकार वेगळे करावे लागतात. मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या वीजपुरवठ्याचा, ५० हर्ट्झचा गळका प्रवाह असता तर मॉनिटरवर त्याचा त्रास दिसला असता आणि मशीनच्या लीकेज चाचणीत तो सापडला असता. मशीनच्या बॉडीपासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंतचा रोध ०.२ ओहमच्या आत भरला, लीकेजही मर्यादेत होतं. ईसीजीच्या चिकट्यांखाली, टाचेवर, टेबलाच्या लोखंडाला हात लागण्याच्या जागी कुठेही खूण नव्हती. म्हणजे प्रवाह आडवाटेने गेलेला नव्हता. तो ठरलेल्या वाटेनेच, प्लेटमधूनच परतला होता.

प्लेट हाती लागली ती नशिबाने. जैववैद्यकीय कचऱ्याची पिशवी अजून उचलली गेली नव्हती. हातमोजे घालून प्लेट बाहेर काढली, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. वरच्या कडेची एक पट्टी सोडली तर बाकीच्या भागावर जेली पांढुरकी, तेलकट आणि केसांना चिकटून आलेली होती. टेप खालच्या बाजूने सुटलेला होता.

विजेचं गणित

कॉटरीचा प्रवाह शरीरातून जातो, तरी झटका बसत नाही, कारण वारंवारता फार वर असते. ५० हर्ट्झला १ मिलिॲंपिअर जाणवतो, १० मिलिॲंपिअरच्या पुढे हात सुटत नाही, आणि छातीतून १०० मिलिॲंपिअरच्या आसपास गेला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. फ्रान्सच्या द'आर्सोनव्हालने १८९१ मध्ये दाखवलं की वारंवारता सुमारे दहा हजार हर्ट्झच्या वर नेली की स्नायू आकुंचन पावत नाहीत. पेशीचं आवरण उत्तेजित व्हायच्या आतच प्रवाहाची दिशा उलटते. १९२६ मध्ये बोस्टनला बोवीने बनवलेल्या यंत्राने सर्जन कुशिंगने डोक्याची गाठ काढली, ती याच आधारावर. झटका गेला, उष्णता मात्र राहिली, आणि कॉटरीचं सगळं काम या उष्णतेवर चालतं.

ऊतीत किती उष्णता तयार होते हे प्रवाहाच्या घनतेच्या वर्गावर ठरतं. पेन्सिलच्या (सर्जनच्या हातातल्या कॉटरीच्या दांडीच्या) टोकाशी आणि प्लेटखाली प्रवाह तोच असतो, फरक फक्त क्षेत्रफळाचा. खाडी रुंद असते तिथे भरतीचं पाणी संथ दिसतं आणि मुखाशी तेच पाणी ओढ घेतं, तसं. म्हणून टोक मुद्दाम बारीक ठेवतात आणि प्लेट मुद्दाम मोठी.

इथले आकडे घेऊ. ६५ वॅट आणि सुमारे ३०० ओहमचा मार्ग धरला तर प्रवाह ०.४७ ॲंपिअर, सोयीसाठी अर्धा धरू. प्लेटचं क्षेत्रफळ १३० चौरस सेंटिमीटर, सगळी नीट टेकलेली असेल तर घनता चौरस सेंटिमीटरला चार मिलिॲंपिअरच्या आत. कातडीलगतच्या चरबीची वाहकता या वारंवारतेला मीटरला ०.०४ सिमेन्सच्या आसपास असते, स्नायूची साधारण ०.४५. हे धरून हिशेब केला तर चरबीचं तापमान सेकंदाला ०.०२ अंशही वाढत नाही. आता समजा खरी टेकलेली जागा १५ चौरस सेंटिमीटरच उरली. घनता ३३ मिलिॲंपिअर होते आणि उष्णता तिच्या वर्गाने, म्हणजे पंच्याहत्तर पट. चरबीत सेकंदाला सव्वा अंश. वीस सेकंद पाय पॅडलवर राहिला तर पंचवीस अंश. मांडीची कातडी ३३ अंशांवर असेल तर आकडा ५८ वर जातो, आणि हा सरासरीचा आकडा आहे. प्लेटच्या कडेला प्रवाह नेहमी जास्त दाटतो, त्यातही ऑपरेशनच्या बाजूच्या कडेला.

मोरित्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर केलेलं काम आजही याचा पाया आहे. ४४ अंशांना कातडी भाजायला सुमारे सहा तास लागतात. त्यावर प्रत्येक अंशाला वेळ साधारण निम्मी होत जाते, आणि ६० अंशांना काही सेकंद पुरतात. म्हणजे ४४ ते ६० या सोळा अंशांत तासांचे सेकंद होतात. कॉटरीच्या चटक्याला "जरासं" असं काही नसतं, ते यामुळे.

हिरव्या दिव्याबद्दलही इथेच सांगायला हवं. एकेरी प्लेट लावली की मशीनला फक्त वायर अखंड आहे का एवढंच कळतं. प्लेट मांडीवर आहे, टेबलावर पडली आहे की पाऊण सुटली आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. दुभागी प्लेटमध्ये मशीन दोन भागांमधला रोध सतत मोजतं. कातडी दोन्ही भागांना नीट टेकली असेल तरच तो ठरलेल्या पट्ट्यात राहतो. बऱ्याच मशीनांत हा पट्टा ५ ते १३५ ओहमचा असतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा रोध फार वाढला की आउटपुट बंद होतं आणि अलार्म वाजतो. आयसोलेटेड आउटपुट असलं की प्लेटचा धोका टळला, असा समज सर्रास आहे आणि तो घातक आहे. प्लेट पूर्ण निघाली तर आयसोलेटेड मशीनचं काम थांबतं. प्लेट अर्धवट टेकलेली असेल तर सगळा प्रवाह त्या अर्धवट जागेतून बिनबोभाट जात राहतो.

समोर असलेले पर्याय

मालकांना पहिला विचार सुचला तो मशीन बदलण्याचा. खर्च लाखांत, आणि नव्या मशीनला जुनीच एकेरी प्लेट लावली तर काहीच बदलणार नव्हतं. दुसरा पर्याय मशीन कंपनीकडे पाठवण्याचा. पण हंगामात महिनाभर कॉटरीशिवाय बसणं परवडणारं नव्हतं, शिवाय सर्व्हिसवाले आउटपुट तपासून "ओके" देतील आणि प्लेट कोणी पाहणारच नाही, हे दिसत होतं. तिसरा पर्याय शक्य तिथे बायपोलर वापरण्याचा. त्यात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो, प्लेट लागत नाही. बारीक रक्तवाहिन्यांना ते उत्तम, पण ऊती कापायला मोनोपोलरच, म्हणजे पेन्सिल आणि प्लेटची नेहमीची पद्धतच, लागते. चौथा पर्याय प्लेट दुभागी घेण्याचा आणि पुन्हा न वापरण्याचा.

निर्णयाआधी घटना टेबलावर पुन्हा घडवून पाहायची, असं ठरलं. त्याला सबळ कारण होतं. प्लेटच्या वायरचा प्लग उघडल्यावर पिनांवर हिरवट गंज चढलेला दिसला. खाऱ्या हवेत तांब्या-पितळेचं हे होतंच. वायर वाकवली की रोध अर्ध्या ओहमपासून वीसच्या पुढे उडत होता. सगळ्यांचं बोट लगेच तिकडे गेलं. पण पिनेचा गंज सर्किटमध्ये ओळीत बसतो. तो प्रवाह कमी करेल, प्लग गरम करेल, टोकाचा परिणाम घटवेल, पण मांडीवरचं क्षेत्रफळ कमी करू शकत नाही. जे डोळ्यांना ठळक दिसतं त्यालाच दोष देऊन तपास थांबवणं ही अशा प्रकरणांतली नेहमीची गफलत आहे.

टेबलावरची चाचणी

साहित्य साधं होतं. स्नायूच्या जागी अगरचा (चायना ग्रासचा) ठोकळा: एक लिटर पाणी, २० ग्रॅम अगर, २.५ ग्रॅम मीठ. एवढ्या मिठाने वाहकता स्नायूच्या जवळपास येते. सलाइनइतकं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम घातलं तर ती तिपटीहून जास्त होते आणि चाचणीत सगळं सुरक्षितच दिसतं, म्हणून मीठ वजन करूनच घालायचं. अगर उकळून पूर्ण विरघळवायचं, ट्रेमध्ये निदान सहा सेंटिमीटर जाडीचं ओतायचं आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, कारण तापमान अंशाने वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते.

अगरला कातडी नसते, चरबी नसते. म्हणून दुसरा नमुना कातडीसकट डुकराच्या मांडीचा घेतला. केस काही भागावर ठेवले, काही भागावर काढले, आणि तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोमट पाण्यात ३० अंशांच्या आसपास आणला. फ्रीजमधला थंड तुकडा तसाच घेतला तर चरबी घट्ट असते आणि आकडे फसवतात.

प्रवाह मोजायला नेहमीचा क्लॅम्पमीटर चालत नाही. ५० हर्ट्झसाठी बनवलेला मीटर ४०० किलोहर्ट्झला काहीही आकडा दाखवतो. इलेक्ट्रोसर्जिकल ॲनालायझर किंवा उच्च वारंवारतेचा करंट ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि लोडचे रोधक गुंडाळीचे नसावेत, कारण गुंडाळीचं स्वतःचं इंडक्टन्स मोजणी बिघडवतं. थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तारही अँटेनासारखी वागते. कॉटरी चालू असताना आकडा नाचतो, त्यामुळे फूट स्विच सोडल्याबरोबर दोन सेकंदांत वाचायचं. इथे थर्मल कॅमेरा मिळाला. प्लेट झटकन उचलून खालचा पृष्ठभाग टिपला, म्हणजे नुसता आकडा न मिळता गरम जागेचा आकारही मिळाला. आकारच जास्त बोलका ठरला.

मोजपट्टी म्हणून प्लेटच्या मानकातली कसोटी धरली: ७०० मिलिॲंपिअर, ६० सेकंद, आणि प्लेटखालच्या कुठल्याही चौरस सेंटिमीटरला ६ अंशांपेक्षा जास्त वाढ नको. ही कठोर बाजूची परीक्षा आहे. नेहमीच्या ऑपरेशनात एवढा प्रवाह इतका वेळ सलग सहसा जात नाही.

नवी प्लेट, केस काढलेल्या कोरड्या कातडीवर: कडेला किंचित जास्त गरम, बाकी समान, सगळं मर्यादेत. जुनी पुसलेली प्लेट, केसांवर, तेलाचा पातळ हात, वरून जेली: सुरुवातीला तीही मर्यादेत राहिली. हे महत्त्वाचं आहे, कारण रोजच्या वापरात "काही होत नाही" ते असंच. मग ट्रे तिरका केला, वरून थोडं पाणी सोडलं आणि टेपचं एक टोक ओढलं. जेली तेलावरून घसरून खाली जमा झाली, प्लेट वरच्या कडेला पट्टीभर टेकून राहिली आणि बाकीची हवेत. याच स्थितीत गरम जागेचा आकार लांबट पट्टीचा आला, रुग्णाच्या मांडीवर होता तसाच. सहा अंशांची रेघ मिनिट संपायच्या खूप आधी ओलांडली गेली आणि कातडी पांढरी पडली. मशीनचा दिवा या सगळ्या वेळात हिरवाच होता.

जेलीही तपासली. ट्रेमध्ये सोनोग्राफीची जेली होती. तिच्यात ईसीजीच्या जेलीसारखं मीठ नसतं, ती आवाजाच्या लहरींसाठी असते. दिसायला दोन्ही सारख्या, आणि बाटलीवरचा कागद ओलसर होऊन निघून गेलेला.

मृत ऊतीत रक्त वाहत नसतं, त्यामुळे जिवंत मांडीपेक्षा हा तुकडा जास्त तापतो. आकडे रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. जागा आणि आकार मात्र लावता येतो, आणि प्रश्न तोच होता.

यावरून क्रम उलगडला. ऑपरेशनमध्ये टेबल थोडं तिरकं केलं तेव्हा जेली सरकली, प्लेट सुटत गेली. परतीच्या वाटेचा रोध वाढला, त्यात गंजलेल्या पिनेची भर पडली, म्हणून टोकाशी परिणाम कमी झाला. सर्जनला तेवढंच जाणवलं. पॉवर ३५ वरून ६५ वर गेल्याने मांडीवरची उष्णता जवळपास दुप्पट झाली. पिनेचा गंज चटक्याला थेट जबाबदार नव्हता, पण पॉवर वाढवायला लावणाऱ्यांत तोही होता.

काय केलं

एकेरी प्लेट बंद केल्या. दुभागी प्लेट, एका रुग्णाला एक, पाकीट तिथेच फोडायचं. प्लेटमागे काही शे रुपये वाढतात. ते बिलात वेगळे दाखवायचं ठरलं, म्हणजे खर्च लपवण्यासाठी पुन्हा जुनी प्लेट काढली जाणार नाही. पाकिटं थिएटरमधल्या उघड्या ट्रेऐवजी झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला लागले. पावसाळ्यात फुटलेल्या पाकिटातल्या प्लेटचा चिकटपणा लवकर जातो.

जागेची तयारी लिहून काढली: मांसल भाग, ऑपरेशनच्या जागेजवळ, केस काढलेले. तेल असेल तर आधी साबणपाणी, मग स्पिरिट आणि पूर्ण सुकू देणं. ओलं स्पिरिट प्लेटखाली राहिलं तर चिकटत नाही, आणि ठिणगीने पेटण्याचा धोका वेगळाच. व्रण, धातूचं रोपण, हाडाचा उंचवटा टाळायचा. लांब कड ऑपरेशनच्या दिशेला. वरून जेली घालायची नाही. प्लेटला स्वतःची जेल असते. टेबल तिरकं केलं किंवा रुग्णाला हलवलं की प्लेटवर हात फिरवून पाहायचं.

वायर नवी घेतली. प्लग दर आठवड्याला उघडून पाहायचा आणि पावसाळ्यात कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायचा, हे टेक्निशियनच्या वहीत आलं. एसीचा एक फेज जनरेटरवर घेतला.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मशीनवर चिकटवला: "परिणाम कमी वाटला तर नॉबला हात लावण्याआधी प्लेट, वायर, पेन्सिलचं टोक." टोकावर करपलेला थर बसला तरी परिणाम घटतो, तो खरवडून काढला की बहुधा जुन्याच वॅटवर काम होतं. पॉवर वाढवायची तर सिस्टरने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा.

मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाला घटना कळवली. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणारा हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. लहान हॉस्पिटलांना अशी तक्रार केल्याने आपल्यावरच बालंट येईल असं वाटतं. पण चटका कबूल करणारी एकेक नोंद जमली तरच प्लेटच्या पुनर्वापराचा प्रश्न किती मोठा आहे हे कुणाला तरी दिसेल.

रुग्णाचं काय झालं

सर्जनने रुग्णाला आणि त्याच्या बायकोला दुसऱ्याच दिवशी सांगितलं की हा चटका कॉटरीच्या प्लेटचा आहे, चूक थिएटरमधली आहे आणि उपचाराचा खर्च हॉस्पिटल करेल. जखम मधल्या भागात खोल होती. विजेच्या चटक्यात वरून दिसतं त्यापेक्षा खालची चरबी जास्त भाजलेली असू शकते, म्हणून पहिल्या दिवसांत खोलीचा अंदाज पक्का मानला नाही आणि दर दोन दिवसांनी ड्रेसिंग उघडून पाहिलं. कातडी लावावी लागली नाही. भरून यायला महिन्याहून जास्त लागला आणि पट्ट्याच्या आकाराचा व्रण राहिला. हर्नियासाठी जड उचलायची मनाई तशीही होती, त्यात खाऱ्या पाण्यात जखम भिजवायची नाही ही दुसरी भर पडली. हंगामाच्या सुरुवातीचे दिवस त्याचे बुडाले. ते नुकसान कोणत्याही बिलात आलं नाही.

कुठे वेगळं वागता आलं असतं

"जरा वाढवा" असं पहिल्यांदा ऐकू आलं तिथे. त्या क्षणी ड्रेपखाली हात घालून प्लेट चाचपायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिसऱ्यांदा तेच ऐकू आलं तेव्हा तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायलाच नको होतं. ३५ वर नीट चालणारं मशीन त्याच रुग्णावर, त्याच जागी ६५ मागतं तेव्हा मधल्या वाटेत काहीतरी बदललेलं असतं. पण सिस्टर सर्जनला "थांबा, आधी प्लेट बघते" म्हणेल अशी थिएटरची रीत नव्हती. नियम चिकटवल्याने ती आपोआप येत नाही. म्हणून पुढचे काही आठवडे सर्जननेच दर ऑपरेशनला "प्लेट बघा" असं आधी म्हणायला सुरुवात केली, आणि ते उपयोगी पडलं.

स्पायनल भुलीखाली रुग्ण जागा असतो, बोलतो, त्यामुळे काही दुखलं तर तो सांगेल असं सगळ्यांना नकळत वाटत राहतं. कमरेखाली तो काहीच सांगू शकत नाही. अशा रुग्णाच्या मांडीवर प्लेट असेल तर त्याला पूर्ण बेशुद्ध रुग्णासारखंच धरायला हवं.

प्लेट काढताना खालची कातडी पाहून केसपेपरवर एक ओळ लिहिली असती, तर चटका टेबलावरच दिसला असता, थंड पाण्याचे बोळे लगेच ठेवता आले असते आणि प्लेट कचऱ्यात शोधावी लागली नसती. आता ही ओळ लिहिली जाते, आणि डाग दिसला तर प्लेट, वायर आणि मशीनची सेटिंग तशीच ठेवायची, पुसायची नाही, अशी सूचना आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पेन्सिलची वायर टॉवेल क्लिपला (ड्रेप धरून ठेवणाऱ्या धातूच्या चिमट्याला) गुंडाळून ठेवायची सवय कायम आहे. वायर आणि धातूची क्लिप यांच्यामध्ये कपॅसिटन्स तयार होतं, उच्च वारंवारतेचा थोडा प्रवाह इन्सुलेशन ओलांडून क्लिपमध्ये आणि तिथून कातडीत जाऊ शकतो. कोॲग मोडमध्ये व्होल्टेजची शिखरं काही हजारांची असल्याने तिथे हे जास्त. दुभागी प्लेटचा अलार्म हे पकडत नाही. प्लास्टिकच्या क्लिपा मागवल्या आहेत.

पुढच्या जुलैमध्ये अलार्म वाजल्याच्या दोन नोंदी वहीत आहेत. एकदा प्लेटखाली सलाइन गेलं होतं, एकदा मांडी बारीक असल्याने प्लेटची कड उचलली होती. दोन्ही वेळा ऑपरेशन थांबवून नवी प्लेट लावली, आणि पुढचं काम ३५ वॅटवरच झालं.